वार्ड नंबर २, महिला राखीव: मी फॉर्म भरून राहिली आहे

धुऱ्यावरची (सोमवार, रात्री ९.५०)

मंडळी, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातली, आर्णी-दिग्रसकडच्या पट्ट्यातली. आमची सात सदस्यांची ग्रामपंचायत आहे. वार्ड नंबर २ मधली एक जागा सर्वसाधारण महिलेसाठी राखीव निघाली. परवा रात्री गावातल्या दहा-बारा बायका आमच्या अंगणात येऊन बसल्या आणि त्यांनी ठरवलं की त्या जागेवर मी उभं राहायचं. मी तृतीयपंथी आहे. गावाला ते माहीत आहे, आता तुम्हालाही झालं. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पण इथवर कशी आली ते सांगितल्याशिवाय सल्ला देणाऱ्याला अंदाज यायचा नाही, म्हणून आधी ते लिहिते. लांबेल, वाचून घ्या.

सतराव्या वर्षी घर सुटलं. का सुटलं ते लिहीत बसत नाही. दहा वर्षं नागपूरला तृतीयपंथीयांच्या डेऱ्यात काढली, वर्धा-नागपूर गाडीत मंगती केली. गुरूने जेवू घातलं, आजारपणात उशाशी बसली, तिचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. २०१४ साली बापाला लकवा मारला. मायचा फोन आला, "ये, पण उजेडी येऊ नको." शेवटच्या एसटीनं उतरली आणि दुसऱ्या दिवशी गाव उठायच्या आत विळा घेऊन वावरात गेली. तीन एकर कोरडवाहू, पराटी म्हणजे कपाशी आणि मधात तुरीच्या ओळी.

घरचं निंदण संपलं की मी दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जायची. बायका मला कडेची तास (पिकाची ओळ) द्यायच्या, धुऱ्याला म्हणजे बांधाला लागून असलेली. पाणी प्यायचं तर ओंजळ धरायची, वरून कोणीतरी ओतायचं. दोन हंगाम असेच गेले. एक दिवस मधल्या तासेतल्या एका बाईचं लेकरू झाडाखाली रडायला लागलं. तिचे दोन्ही हात चिखलानं भरलेले. ती मान न वळवता म्हणाली, "धर वं जरा त्याले." मी लेकरू घेतलं. त्यानं माझ्या कानातलं ओढलं आणि गप झालं. दुसऱ्या दिवसापासून माझी तास कोणी ठरवून दिली नाही, जिथं जागा मिळेल तिथं मी बसायची.

मग २०१७ आलं. फवारणीचं वर्ष म्हटलं की आमच्याकडे आजही त्याच वर्षाची आठवण निघते. पराटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, कीटकनाशकाचा फवारा तोंडावर यायचा. जिल्ह्यात २० च्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. आमच्या शेजारचा सालदार दुपारी पंप पाठीवर असतानाच बांधावर पडला. त्याच्या बायकोसोबत ऑटोत मी होती. दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत आमचं कोणी ऐकेना. तिथं मी टाळी वाजवली. डेऱ्यात शिकलेली, पंजे आडवे, बोटं ताठ. आख्खी खोली गप झाली आणि केसपेपर दोन मिनिटांत निघाला. तो माणूस वाचला. पण आजही त्याला सकाळच्या उन्हात अंधारी येते.

गावानं ती टाळी लक्षात ठेवली. नुकसानभरपाईसाठी तालुक्याला धरणं धरलं तेव्हा मागून पोट्टे ओरडले, "हिले पुढं करा, सायेब घाबरते." मी पुढे झाली, टाळी वाजवली, निवेदन घेतलं गेलं. त्यानंतर बोंडअळीच्या मदतीची यादी, रेशनचं मशीन, पीक विम्याचे पैसे, प्रत्येक वेळी मला पुढे केलं. घरी येताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मात्र माझ्या बाजूची जागा रिकामी राहायची.

एका खेपेला मी टाळी वाजवली नाही. माझ्या हातात निवेदनाच्या दोन प्रती होत्या. मी साहेबांना म्हणाली, "एक तुमची, एक माझी. माझ्या प्रतीवर पोच द्या." ते म्हणाले, नंतर या. मी म्हणाली, बसते. सकाळी अकरापासून साडेचारपर्यंत बसली. मागच्या पोट्ट्यांना राग आला, टाळी वाजव म्हणत होते. मला भीती घालून मिळवलेली सही नको होती. माझ्यासोबत बसायला शेवटी पाच बाया उरल्या. पावणेपाचला शिक्का आणि तारीख मिळाली. तो कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मायच्या पेटीत ठेवला आहे. आमच्या आंदोलनाची खरी सुरुवात मी तिथून धरते.

त्याच पाच बायांनी पुढे दारूच्या दुकानाचा विषय काढला. आडवी बाटली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: एक चतुर्थांश महिला मतदारांच्या सह्या दिल्या की गावातल्या बायकांचं गुप्त मतदान घेतात. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नाही, यादीतल्या सगळ्यांच्या निम्म्या. म्हणजे जी बाई त्या दिवशी माहेरी गेली, ती दुकानाच्या बाजूनं मोजली गेल्यासारखंच. मी दीड महिना घरोघरी फिरली. कोणाची लेक कुठल्या गावी कामाला गेली, कोणाला कोणत्या एसटीनं आणायचं, सगळं माझ्या वहीत. सही पडताळणीला अधिकारी आले तेव्हा बायकांना घराबाहेर बोलावून आणणारी मीच.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकात यादी तपासत होते. यादीत माझं जुनं नाव, पुरुष, वय ३१. आत जाऊ दिलं नाही. त्यात चूक कोणाची नव्हती, कागदच तसा होता. मी दिवसभर फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली बसली. आत जाणारी प्रत्येक बाई माझ्याकडे पाहून जात होती. एका म्हातारीनं बाहेर येऊन शाई लागलेलं बोट मला दाखवलं. म्हणाली, "तुह्या नावाचंबी मीच मारलं समज." आडवी बाटली जिंकली. सगळ्या नाचल्या, मीही नाचली. पण रात्री झोप आली नाही.

कागदाच्या मागे लागली ती त्या दिवसापासून. तृतीयपंथीयांच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आला, २०२० मध्ये नियम आले, सरकारी पोर्टल सुरू झालं. त्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचं प्रमाणपत्र मिळालं, अंगाची तपासणी न होता. मतदार यादीत अर्ज ८ भरून नाव बदललं, लिंगाच्या रकान्यात तृतीयलिंगी आलं. आता माझी पहिली अडचण हीच आहे. जागा महिलेची आणि माझ्या कागदावर तृतीयलिंगी. छाननीत फॉर्म उडेल का? दुसरा प्रश्न: प्रचारात माझ्या ओळखीबद्दल बोलू की फक्त पांदण रस्ता आणि नळाबद्दल?

काळा_कोट_अमरावती (सोमवार, रात्री ११.१५)

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच हायकोर्टात आहे. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुक इथे अंजली पाटील यांनी महिला राखीव जागेवर अर्ज भरला होता. तृतीयपंथी म्हणून तो फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. न्या. रवींद्र घुगे यांनी २ जानेवारी २०२१ ला त्यांना त्या जागेवरून लढायला परवानगी दिली आणि त्या निवडून आल्या. आधार होता सुप्रीम कोर्टाचा १५ एप्रिल २०१४ चा नाल्सा निकाल: आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क त्या माणसाचाच.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. त्या निकालात कोर्टाने हेही नोंदवलं आहे की त्यांनी कायमसाठी स्त्री ही ओळख निवडली आहे आणि पुढे सोयीप्रमाणे पुरुष म्हणून अर्ज करणार नाहीत. तुमच्या प्रतिज्ञापत्रात हे वाक्य स्पष्ट असू द्या. निकालाची पूर्ण प्रत छापून न्या, बातमीचं कात्रण नको. खंडपीठ औरंगाबादचं असलं तरी हायकोर्ट एकच आहे, नागपूर खंडपीठाचा इलाखा म्हणून तो लागू नाही असं कोणी म्हटलं तर मान्य करू नका.

हे इतकं बजावतो आहे त्याचं कारण मध्य प्रदेश. तृतीयपंथी शबनम मौसी शहडोल जिल्ह्यातल्या सोहागपूरहून आमदार झाल्या, त्यांना अडचण आली नाही कारण जागा खुली होती. कटनीच्या महापौर कमला जान यांची जागा महिला राखीव होती. लोकांनी निवडून दिलं आणि २००३ मध्ये हायकोर्टाने त्यांना पुरुष ठरवून निवडणूक रद्द करण्याचा निर्णय कायम केला. मतदारांनी दिलेलं एका रकान्यानं काढून घेतलं. तेव्हा नाल्सा नव्हता, आज आहे. तरी विरोधक निवडणूक याचिकेचा रस्ता धरू शकतात, जिंकल्यावरही कागद सांभाळून ठेवा.

वर्धाकर (मंगळवार, सकाळी ७.३०)

धुऱ्यावरची, तुमचं लिहिणं वाचून मन भरून आलं, तरीही एक शंका मनात आहे ती मांडतो. महिलांचं ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे आणि ते सहज मिळालेलं नाही. त्यातली एक जागा तुम्ही घेतली तर गावातल्या एखाद्या बाईची संधी जाईल ना? खुल्या जागेवरून का नाही लढत? सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळचे ज्ञानेश्वर कांबळे २०१७ साली थेट सरपंच झाले, राज्यातले पहिले तृतीयपंथी सरपंच. समाजासाठी वेगळं आरक्षण मागणं हा मला जास्त सरळ रस्ता वाटतो.

माजी_सदस्या (मंगळवार, दुपारी १.०५)

वर्धाकर, मी पाच वर्षं महिला राखीव जागेवर होती. खरं सांगते, पहिली तीन वर्षं मी मासिक सभेला गेलीच नाही. प्रोसिडिंग (सभेच्या ठरावांचं रजिस्टर) घरी यायचं, मालक म्हणायचे इथं सही कर, मी करायची. गावात त्यांनाच मेंबर म्हणायचे. चौथ्या वर्षी आमच्या बचत गटाच्या कर्जाचा ठराव अडला, तेव्हा मी पहिल्यांदा जाऊन खुर्चीवर बसली आणि ग्रामसेवकाला म्हणाली, मागचं सगळं वाचून दाखवा. माझ्या नावानं काय काय मंजूर झालं होतं ते ऐकून घाम फुटला.

ती जागा बाईची होती, बसलेला माणूस दुसराच होता. जी साडेपाच तास बसून पोच घेते, तिच्यामुळे बायांची संधी जाते असं मला वाटत नाही. आणि तिला उभं कोणी केलं? गावातल्या बायांनीच.

धुऱ्यावरची (मंगळवार, रात्री ८.२०)

वर्धाकर, तुमची शंका रागावण्यासारखी नाही. मी स्वतः त्या रात्री अंगणात हेच विचारलं होतं. मी म्हणाली, तुमच्यापैकी कोणी उभं राहा, मी प्रचार करते. एकीचं जात प्रमाणपत्र नाही पण जागा सर्वसाधारण असल्यानं ते लागतही नव्हतं. तिचा नवरा नाही म्हणाला. दुसरीला २००१ नंतरची तीन लेकरं, ती दोन लेकरांच्या नियमातच बसत नाही. तिसरी म्हणाली, मले लिहिता येत नाही, तू लिहितेस. मी म्हटलं, मेंबर व्हायला लिहिता यावंच लागते असं नाही. ती म्हणाली, "मले ठाऊक आहे. पण मले तूच पाहिजे."

खुल्या जागेबद्दल: आमच्या वार्डातली खुली जागा दोन पॅनेलचे दोन मोठे कास्तकार लढतात. तिथं मी उभी राहिली तर मते फोडायला कोणी उभी केली, एवढीच चर्चा होईल. आणि मुळात मी बाई आहे. फाटकाबाहेर बसवलं तेव्हाही होती. खुल्या जागेवर गेली तर त्या दिवशीची यादी बरोबर होती असं मीच कबूल केल्यासारखं होईल.

वेगळ्या आरक्षणाची मागणी मलाही मान्य आहे, कर्नाटकानं नोकऱ्यांत १ टक्का दिलंही आहे. पण पांदणीतला चिखल त्या मागणीसाठी थांबत नाही.

नागपूर_डेऱ्यातून (मंगळवार, रात्री १०.४०)

पाव पडते बहन. तुला ओळखते असं वाटते पण नाव घेत नाही. तू गावात गेली, तुझी माय होती, तीन एकर होते. आमच्यातल्या कितींना परत जायला दार आहे? डेऱ्यात आम्ही नऊ जणी आहोत, मतदार कार्ड दोघींकडे. घरमालक भाडेपावती देत नाही, रेशन कार्ड माहेरच्या घरात जुन्या नावावर. वाचलं होतं की २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ जण इतर म्हणून मोजले गेले आणि २०२४ च्या विधानसभेला मतदार यादीत तृतीयपंथी फक्त ६,१०१. बाकीच्या कुठे आहेत? गाडीत आहेत, सिग्नलवर आहेत, जुन्या नावाखाली पुरुष म्हणून आहेत.

इलेक्शनचं बोलायचं तर रावेरहून २०२४ ला शमिभा पाटील वंचित बहुजन आघाडीकडून आमदारकीला उभ्या राहिल्या, तेव्हा आम्ही मोबाईलवर त्यांचं भाषण लावून जेवलो होतो. दिशा पिंकी शेख २०१९ साली त्याच पक्षाच्या प्रवक्त्या झाल्या तेव्हाही. पार्टीनं बोलावलं ही गोष्ट आमच्यासाठी लहान नाही. पण तू जिंकली आणि गावाचीच झाली तर आम्हाला काय? टाळी वाजवायची लाज वाटू देऊ नको. त्या टाळीनं पोट भरलं आहे तुझं.

धुऱ्यावरची (मंगळवार, रात्री ११.३०)

पाव पडते. टाळीची लाज नाही. त्या दवाखान्यात टाळी नसती तर माणूस मेला असता, हे मी कोणालाही सांगते. माझं भांडण टाळीशी नाही. दुसऱ्यानं माझी टाळी भाड्यानं घ्यावी, आणि काम झालं की ट्रॉलीत जागा नसावी, याच्याशी आहे.

नऊपैकी सात जणींचं सांगितलं ते डोक्यात बसलं. मतदार नोंदणीला राहण्याचा पुरावा नसेल तर बीएलओ (मतदान केंद्राचा अधिकारी) प्रत्यक्ष येऊन पडताळणी करू शकतो. प्रचार संपला की दुसऱ्या दिवशी नागपूरला येते, सातही अर्ज मी भरते. निकाल काही लागो. गुरूला माझा पाव पडती सांग.

गुरुजी_दारव्हा (बुधवार, सकाळी ६.१०)

छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि निवडणुकीच्या ड्युट्या केल्या. बाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलतो. आपल्या भागात रात्रभर दंडार आणि खडी गंमत चालायची, त्यात बाईचं सोंग घेणाऱ्या माणसावर गाव जीव टाकायचं आणि सकाळी त्यालाच वाट सोडून चालायचं. मीही त्या गर्दीत बसलेला आहे. माझ्या वर्गात एक पोरगं होतं, चालण्यावरून मुलं चिडवायची. मी मुलांना रागावलो नाही, त्या पोराला म्हणालो, नीट चाल. सातवीनंतर तो शाळेत आला नाही. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

म्हणून माझं मत: ओळख लपवू नका, पण भाषणाची सुरुवातही तिथून करू नका. पांदणीपासून सुरू करा. पावसाळ्यात बंडी कुठे फसते, किती मीटर खडीकरण लागेल, ग्रामसभेत तो ठराव कधी झाला, पुढे का गेला नाही. मग फाटकाबाहेरच्या दिवसाची गोष्ट सांगा. जशी इथे सांगितली तशीच, एक शब्द वाढवू नका.

धुऱ्यावरची (शुक्रवार, रात्री ९.००)

छाननी झाली. समोरच्या पॅनेलनं हरकत घेतलीच: उमेदवार महिला नाही. काळा कोट साहेब, निकालाची प्रत पिशवीत होती, प्रतिज्ञापत्रात तुम्ही सांगितलेलं वाक्य होतं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी आख्खी प्रत वाचली, पानं उलटून परत मागेही गेले. मी उभी होती. मागे बाकावर आमच्या बाया, एकीच्या मांडीवर तेच लेकरू, आता शाळेत जाते. अधिकारी म्हणाले, "यापुढे कायम स्त्री म्हणूनच ना?" मी हो म्हणाली. त्यांनी आणखी एक सही घेतली आणि फॉर्म मंजूर केला. मी दोन प्रती पुढे केल्या. त्यांनी न मागता पोच दिली.

गुरुजी, तुमचं वाचून मी रडली. ते पोरगं कुठे असेल ते शोधायचं असेल तर गाव आणि साल मला निरोपात कळवा, डेऱ्यांमध्ये विचारून पाहते. शाळा सोडलेली पोरं बहुतेक तिथंच येतात.

वर्धाकरांनी काल फोन करून पत्रकाच्या छपाईचं विचारलं, त्यांचे आभार. चिन्ह मिळायचं आहे, ते आलं की पत्रक छापायला टाकीन. उद्या पहाटे चौघी टेप घेऊन पांदण मोजायला जातो, बाभळीच्या वळणापासून नाल्यापर्यंत. मसुदा उद्या रात्री इथं टाकते. शुद्धलेखन कोणीतरी तपासून द्या, आणि "तृतीयपंथी" शब्द पहिल्या पानावर घेऊ की मागच्या, तेही सांगा. बाया म्हणतात पहिल्या.